गॅस्ट्रिक बायपास: ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

वजन उतरवण्याचं हे ऑपरेशन सर्जन करतात. त्याच्या आधीचा आणि नंतरचा आहार सांभाळणं हे आमच्या केंद्राचं काम. पहिल्या भेटीत बहुतेक जण एकच विचारतात, "किती किलो उतरेल?" साधारण हिशेब असा: उंचीच्या मानाने वजन 65 किलो हवं आणि आहे 125, तर जादा झाले 60. त्यातले 60 ते 70 टक्के, म्हणजे 36 ते 42 किलो, वर्ष-दीड वर्षात उतरतात. प्रत्येकाचे तेवढेच उतरतील असं नाही.

जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिली मावेल एवढी पिशवी वेगळी करून लहान आतडं तिला थेट जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न त्यात जात नाही. (जठराचा मोठा भाग कापून काढतात ते स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये, या दोन्हींत नेहमी गल्लत होते.) भुकेची हार्मोन्सही बदलतात. मधुमेह असेल तर साखर पहिल्या काही दिवसांतच उतरू शकते, त्यामुळे इन्सुलिन किंवा गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून लगेच बदलून घ्यावा लागतो.

आता गोळ्या. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व: या जन्मभराच्या, आणि सुटतात त्याही याच. शरीरात बी-12चा साठा बराच असतो, म्हणून गोळी सोडली तरी सुरुवातीला काही जाणवत नाही. हातापायांना मुंग्या येऊ लागतात तोवर नसांना इजा सुरू झालेली असते. तब्येत ठणठणीत वाटली तरी रक्ततपासणी चुकवू नका. कॅल्शियम सायट्रेटचं घ्या, पिशवीत आम्ल कमी असल्यामुळे ते बरं शोषलं जातं. लोहाची गोळी त्याच्या दोन तास मागेपुढे.

जेवताना पाणी नको. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट प्या. आधी प्रथिनं, मग बाकीचं. गोड जास्त झालं तर छातीत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते बहुधा परत येतात.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळा, जोडाच्या जागी अल्सर होतो. दाताच्या डॉक्टरांनाही बायपास झाल्याचं आठवणीने सांगा. तंबाखू-सिगारेट बंद. स्त्रियांनी 12 ते 18 महिने गर्भधारणा पुढे ढकलावी.

ताप, नाडी जलद, पोटात वाढतं दुखणं किंवा न थांबणारी उलटी असेल तर आमच्या फोनची वाट न पाहता थेट सर्जनकडे जा. पहिल्या भेटीला येताना जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी सोबत आणा.