माहेरचं रक्त

१९०१ पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे. त्यामुळे 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य मुंबईकरांच्या तोंडी इतकं रुळलंय की बोलणाऱ्याला त्यात काही लागण्यासारखं आहे असं वाटतच नाही.

चरईतल्या आमच्या शेजारच्या काकूंना ते लागतं. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना खोलीच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवू लागला. समोरच्या इमारतीतून कुणीतरी आपले विचार ऐकतंय, अशी त्याची खात्री होती. निदान झालं स्किझोफ्रेनियाचं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुझ्या माहेरचं रक्त." ते वाक्य काकू आज वीस वर्षं उरात घेऊन वावरतायत.

या आजारात अनुवंशाचा वाटा मोठा आहे, हे खरंच आहे. एरवी हा आजार शंभरात साधारण एकाला होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल, तर मुलाला होण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास जाते. पण याच आकड्याकडे उलटीकडून बघा: अशा दहांतल्या नऊ मुलांना तो होत नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, तरी एकाला आजार झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही; निम्म्याहून थोडी अधिक जुळी भावंडं त्यातून सुटतात. आणि बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार कधी झालेलाच नसतो.

मग रक्तातून येतं ते काय? २०२२ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात ७६,७५५ रुग्णांचे आणि आजार नसलेल्या २,४३,६४९ जणांचे जनुकसंच ताडून पाहिले होते. आजाराशी नातं असलेल्या २८७ जागा सापडल्या. यातली एकेक जागा धोका वाढवते तो अगदी किंचित, आणि असे धोका वाढवणारे बदल तुमच्या-माझ्यातही थोडेफार आहेतच. मोठा धक्का देणारे बदल विरळा. उदाहरणार्थ, २२व्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्मतःच गळालेला असेल, तर साधारण चारांतल्या एकाला पुढे स्किझोफ्रेनिया होतो.

त्या सगळ्या जागांपैकी मला सर्वांत विलक्षण वाटते ती सहाव्या गुणसूत्रावरची. तिथे सी-फोर नावाचं जनुक आहे. त्यापासून बनणारं प्रथिन शरीरात जंतूंवर खूण करतं, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी त्यांना ओळखून गिळतात. असं पहारेकऱ्याचं काम करणारं प्रथिन मेंदूत काय करतं?

लहानपणी मेंदूपेशींमध्ये गरजेपेक्षा पुष्कळ जास्त जोडण्या तयार होतात. वयात येताना त्यांची छाटणी होते. वापरातल्या राहतात, बाकीच्यांवर खूण होते आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी त्या गिळून टाकतात. ही खूण करणाऱ्यांत सी-फोरही आहे. २०१६ साली हार्वर्डच्या स्टीव्हन मॅकॅरॉल, बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, या जनुकाचे जे प्रकार मेंदूत सी-फोर अधिक बनवतात, त्यांच्यासोबत स्किझोफ्रेनियाचा धोकाही वाढतो. सी-फोर नसलेल्या उंदरांमध्ये छाटणी कमी झाली. म्हणजे काही जणांत कात्री गरजेपेक्षा जास्त चालत असावी. मेंदूच्या पुढच्या भागात ही छाटणी विशीपर्यंत, काहींत त्यापुढेही चालते, आणि आजार डोकं वर काढतो तोही बहुधा याच वयात. दहावीला उत्तम मार्क मिळवलेला मुलगा एकोणिसाव्या वर्षी खिडक्या का झाकू लागतो, याचा एक धागा इथे हाती लागतो.

पूर्ण उकल नव्हे, धागाच. गर्भारपणातली उपासमार, बाळंतपणातली गुंतागुंत, कोवळ्या वयातला गांजा यांचेही वाटे आहेत. या जनुकशोधांतून थेट निघालेली गोळी अजून रुग्णांच्या हाती पडलेली नाही. पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझीन, डॉक्टरांना १९५२ मध्ये गवसलं ते जनुकांचं काही माहीत नसतानाच. शिवाय आजवरच्या अभ्यासांत युरोपीय वंशाच्या लोकांचाच भरणा जास्त. म्हणून बंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आणि तिथल्या इतर संशोधन संस्थांनी चालवलेलं काम मला मोलाचं वाटतं. एकाहून अधिक जण आजारी असलेल्या भारतीय कुटुंबांतून पेशी घेऊन, त्यांच्यापासून प्रयोगशाळेत मेंदूपेशी वाढवून तिथे पाहिल्या जातात.

गेल्या आठवड्यात काकूंकडे बसून मी कागदावर गुणसूत्रांच्या जोड्या काढल्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. काकू बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "यांचे एक काका पंचविशीत घर सोडून गेले होते. त्यांचं नाव या घरात कोणी काढत नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि मुलाच्या रात्रीच्या गोळ्यांच्या डबीखाली ठेवली.