शिशाची नाणी आणि लाकडी कपाटं

सातवाहनांची कितीतरी नाणी शिशाची आहेत. त्याच सुमाराच्या कोल्हापूरच्या कुर राजांनीही शिशाचीच नाणी पाडली. त्यांवर एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला टेकडी. सुमारे १९०० वर्षं मातीत राहूनही अशी नाणी ओळखू येतात. पण तीच लाकडी खणात ठेवली, तर काही वर्षांतच वाया जाऊ शकतात.

लाकूड कितीही जुनं असो, त्यातून ॲसिटिक आम्लाची वाफ थोडी थोडी निघतच असते. व्हिनेगरमधलं आम्ल ते हेच. ओक यात सर्वांत वाईट. प्लायवूड आणि एमडीएफही (लाकडाचे तंतू दाबून केलेले बोर्ड) भरवशाचे नाहीत. बंद खणात वाफ कोंडते, शिशावर त्याचं ॲसिटेट तयार होतं. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड मग त्या ॲसिटेटचं कार्बोनेट करतात. खरी मेख इथे आहे: हे होताना आम्ल पुन्हा मोकळं होतं आणि खालच्या कोऱ्या शिशाला लागतं. त्यामुळे चिमूटभर आम्लही खूप धातू खाऊ शकतं. पूर्वी रंगासाठी लागणारा सफेदा शिशाला व्हिनेगरची वाफ देऊन मुद्दाम असाच बनवत.

नाण्यावर आधी कडेला पांढरे ठिपके दिसतात, मग पिठासारखी भुकटी. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे अक्षरं फुगून सुटतात. भुकटी ब्रशने झटकू नये: ती विषारी असते, आणि नाण्यावरच्या अक्षरांचा उरलेला भागही तिच्यातच असतो. असं नाणं वेगळ्या डबीत ठेवून संवर्धकाकडेच द्यावं.

कपाट घेण्याआधीच त्याची परीक्षा करता येते. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३मध्ये मांडलेली चाचणी आजही वापरली जाते. लाकडाचा, कापडाचा किंवा रंगाचा नमुना थोड्या पाण्यासह काचेच्या बंद नळीत ठेवतात. सोबत शिसं, चांदी आणि तांब्याच्या चकचकीत पट्ट्या. नळी ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायची. शिसं पांढरं पडलं, तर खणात आम्ल साचणार. चांदी काळवंडली, तर नमुन्यात गंधक आहे; लोकरी अस्तरामुळे असं होतं.

जिल्ह्याच्या छोट्या संग्रहालयांनी काचेच्या कपाटांच्या रोषणाईआधी या चाचणीवर खर्च करावा, असं मला मनापासून वाटतं. तोवर शिशाची नाणी पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी कपाटात, पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांत हलवावीत आणि पावसाळ्यात दर महिन्याला त्यांच्या कडा भिंगाखाली तपासाव्यात.