ऑन की व्हेअर: जॉइनमधल्या जुन्या घोळाची पार्श्वभूमी

डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा म्हणजे एसक्यूएल. १९८६ साली तिचं पहिलं प्रमाण आलं तेव्हा त्यात दोन टेबलं जोडणारा जॉइन हा शब्दच नव्हता. फ्रॉमनंतर टेबलांची नावं स्वल्पविराम देऊन लिहायची आणि बाकी सगळं व्हेअर या अटींच्या भागावर सोपवायचं. ग्राहक क्रमांक ऑर्डरशी जुळवणारी अट आणि ‘फक्त मार्चच्या ऑर्डरी’ हा फिल्टर, दोन्ही एकाच पंगतीत, मध्ये फक्त अँड.

त्यात काही बिघडत नव्हतं. आयबीएमच्या सिस्टीम आर या डेटाबेस प्रकल्पातला ऑप्टिमायझर कोणतं टेबल आधी वाचायचं, कोणती अट कधी लावायची हे खर्चाचा अंदाज बांधून स्वतःच ठरवायचा. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजचे बहुतेक ऑप्टिमायझर त्याच वाटेने जातात. म्हणून इनर जॉइनमध्ये, म्हणजे फक्त जुळलेल्या ओळी ठेवणाऱ्या जोडणीत, फिल्टर ऑनमध्ये (जॉइनसोबत जुळणीची अट लिहायची जागा) लिहा नाहीतर व्हेअरमध्ये, उत्तर तेच येतं. वेगही सहसा तोच. त्यावरचे वाद मला तरी निव्वळ आवडीनिवडीचे वाटतात.

घोडं अडतं ते आउटर जॉइनपाशी. जोडी न मिळालेल्या ओळीही तो यादीत ठेवतो. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलच्या (टेबलांवर आधारलेल्या डेटाबेसच्या मांडणीच्या) विस्तारात तो १९७९ मध्येच मांडला होता, पण प्रमाणात यायला १९९२ उजाडलं. तोवर ज्याने त्याने वेगळी चूल मांडली होती. ओरॅकल या डेटाबेसने (+) हे चिन्ह आणलं, सायबेस या दुसऱ्याने *=, आणि दोन्हींचा मुक्काम व्हेअरमध्येच. ओरॅकलचं निदान स्पष्ट तरी होतं: ऑर्डरच्या महिन्यापुढे (+) लावलं तर ती अट जोडणीची, नाही लावलं तर फिल्टर. सायबेसमध्ये असं वेगळं सांगायची सोयच नव्हती. उजवीकडच्या टेबलावरची अट तो जोडणीतच धरायचा. त्यामुळे एकही ऑर्डर नसलेले ग्राहक शोधायला कुणी व्हेअरमध्ये ‘इज नल’ (म्हणजे ‘रकाना रिकामा आहे’) लिहिलं की भलतंच काहीतरी हाती यायचं.

एसक्यूएल-९२ ने क्रम पक्का केला. आधी ऑनप्रमाणे जुळणी, मग न जुळलेल्या डावीकडच्या ओळी नल भरून परत आत, आणि त्यानंतर व्हेअर. आता मार्चची अट व्हेअरमध्ये लिहिली तर ऑर्डर नसलेल्या ग्राहकाचा महिना नल असतो. नलची ‘मार्च’शी तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही, आणि व्हेअर फक्त खऱ्यालाच पुढे सोडतो. ग्राहक गेला. तीच अट ऑनमध्ये असती तर तो रिकाम्या रकान्यांसह यादीत राहिला असता.

नवी पद्धत रुजायला वेळ लागला. ओरॅकलमध्ये ती थेट ९आय या आवृत्तीत, २००१ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर मुळात सायबेसच्या कोडवरूनच निघालेला. त्याने २००५ च्या आवृत्तीपासून *= मोडीत काढायला घेतलं, आणि जुन्या क्वेऱ्या (एसक्यूएलमध्ये लिहिलेले प्रश्न) बदलण्याची वेळ आली. चिन्हाच्या जागी लेफ्ट जॉइन (डावीकडच्या सगळ्या ओळी ठेवणारा आउटर जॉइन) टाकायचा, बाकीचं व्हेअर होतं तसंच ठेवायचं, असं यांत्रिकपणे केलं की फसगत ठरलेली: जी अट काल जोडणीची होती ती आज फिल्टर झाली. एरर नाही, इशारा नाही, फक्त अहवालात ग्राहक कमी.

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे डेटाबेस तर व्हेअरमध्ये नल ओळी गाळणारी अशी अट दिसली की लेफ्ट जॉइनचा मुकाट्याने इनर जॉइन करून टाकतात. पोस्टग्रेसमध्ये क्वेरी कशी चालणार तो प्लॅन दाखवणारं एक्सप्लेन लावून बघितलं, तर ‘हॅश लेफ्ट जॉइन’ऐवजी नुसतं ‘हॅश जॉइन’ दिसतं. क्वेरीत लेफ्ट लिहिलंय आणि प्लॅनमध्ये ते कुठेच नाही असं झालं, तर आधी व्हेअर तपासावं.