वेब फॉर्म : चुकीनंतर भरलेला मजकूर टिकवणे

वेब फॉर्ममधला एखादा रकाना तपासणीत नापास झाला, तर फॉर्म पुन्हा दाखवताना वापरकर्त्याने भरलेला बाकी मजकूर जागच्या जागी ठेवण्याची पद्धत. चुकलेल्या रकान्यातलाही मजकूर ठेवायचा असतो. आपण काय लिहिलं होतं हे दिसल्याशिवाय ते दुरुस्त कसं करणार?

हे आपोआप होत नाही, कारण ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक विनंती सर्व्हरच्या दृष्टीने नवी, आणि चूक सांगणाऱ्या संदेशासह येणारं पानही नवंकोरं. त्यामुळे आलेला मजकूर सर्व्हरला स्वतः त्या पानात परत लिहावा लागतो: साध्या रकान्यात ‘व्हॅल्यू’ या गुणधर्मात, मोठ्या मजकुराच्या चौकटीत सुरुवातीच्या आणि शेवटच्या टॅगच्या मध्ये, यादीत निवडलेल्या पर्यायावर ‘सिलेक्टेड’ अशी खूण करून.

सगळ्यात फसवा प्रकार चेकबॉक्सचा. खूण नसलेला चेकबॉक्स ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. समजा, ‘बातमीपत्र पाठवा’ या चौकटीत आधीपासून खूण आहे. वापरकर्ता ती काढतो, पण जन्मतारीख चुकवतो. सर्व्हरवरचा कोड ‘या रकान्याचं काहीच आलं नाही, म्हणजे मूळचीच किंमत दाखवू’ असं समजतो आणि खूण परत येते. वापरकर्त्याचं लक्ष फक्त लाल झालेल्या तारखेकडे. तो ती दुरुस्त करून बटण दाबतो आणि नको असलेलं बातमीपत्र पदरात पडतं. म्हणून ‘फॉर्म पहिल्यांदा उघडला’ आणि ‘फॉर्म भरून परत आला’ या दोन अवस्था कोडमध्ये वेगळ्या ओळखाव्या लागतात.

परत लिहिताना मजकुरातली विशेष चिन्हं निष्प्रभ करणं अनिवार्य आहे. एखाद्याने शीर्षकात दुहेरी अवतरणचिन्ह वापरलं की एचटीएमएलमधला (वेब पान लिहिण्याच्या भाषेतला) गुणधर्म तिथेच बंद होतो आणि पुढचा मजकूर रकान्यातून गायब होतो. त्याच फटीतून कोणी स्क्रिप्ट घुसवली, तर ती पानात चालते. शिवाय दाखवायचं ते वापरकर्त्याने टाइप केलेलं मूळ रूप. 31/02/2024 ही तारीख काही प्रोग्रामिंग भाषांची फंक्शनं निमूटपणे 2 मार्च करून टाकतात. रकान्यात ती परस्पर बदललेली दिसली, तर माणूस बुचकळ्यात पडेल.

काही गोष्टी मुद्दामच टिकवत नाहीत. पासवर्ड पानाच्या स्रोतात उघडा पडू नये म्हणून तो रकाना रिकामा ठेवतात; जॅंगो या वेबसाइट बनवण्याच्या तयार साधनात तर हेच मूळ वर्तन आहे. निवडलेली फाइल सर्व्हरला रकान्यात परत भरता येत नाही. ब्राउझर ते करू देत नाही, नाहीतर कुठलंही पान परस्पर वापरकर्त्याच्या फाइली मागवू शकलं असतं. त्यावर तोडगा म्हणजे आलेली फाइल सर्व्हरवर तात्पुरती ठेवून तिचं नाव दाखवणं.

जॅंगो आणि त्याच प्रकारचं रेल्स हे त्याच विनंतीच्या उत्तरात फॉर्म पुन्हा काढतात. लाराव्हेल या तशाच साधनात प्रचलित रीत अशी, की मजकूर सत्रात (त्या वापरकर्त्याच्या भेटीपुरत्या ठेवलेल्या नोंदीत) एका फेरीपुरता ठेवायचा, वापरकर्त्याला मागच्या पानावर पाठवायचं आणि तिथे ‘ओल्ड’ फंक्शनने तो काढायचा. त्यामुळे पान रिफ्रेश केल्यावर ‘माहिती पुन्हा पाठवायची का?’ ही ब्राउझरची कटकट टळते. पण तोच फॉर्म दोन टॅबमध्ये उघडा असेल, तर एकाचा मजकूर दुसऱ्यात उमटू शकतो.

एचटीएमएल 5 मधल्या ‘रिक्वायर्ड’सारख्या सोयी चूक ब्राउझरमध्येच अडवतात, म्हणजे मजकूर हलतच नाही. पण वापरकर्तानाव आधीच घेतलेलं आहे का, हे सर्व्हरच सांगू शकतो आणि ब्राउझरची तपासणी सहज चुकवता येते, म्हणून सर्व्हरवरची तपासणी सुटत नाही. ऑक्टोबर 2023 च्या डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये (अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत), एकाच प्रक्रियेत आधी दिलेली माहिती, काही अपवाद सोडता, पुन्हा टाइप करायला लावू नये असा निकष आला. स्मरणाचा किंवा हातांच्या हालचालीचा त्रास असणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे.

एवढी काळजी घेऊनही एक जागा बहुतेक वेळा राहून जाते: सत्राची मुदत. तासभर खपून लिहिलेला अर्ज पाठवला की लॉगिनचं पान समोर येतं, आणि परत आल्यावर फॉर्म कोरा. ही रकान्यातली चूक नसल्याने मजकूर जपणाऱ्या कोडपर्यंत विनंती पोचलेलीच नसते.