एका न आलेल्या गेमची धास्ती

एल आकाराचा कॉरिडॉर, एखाद्या साध्या मध्यमवर्गीय घरातला. भिंतीवर फोटो, कडेला टेबल, टेबलावरच्या घड्याळात 23:59. कोपरा वळलात की थोडी मोकळी जागा, वर लोंबता दिवा, आणि टोकाला एक दार. दार उघडून पायऱ्या उतरलात की तुम्ही पुन्हा त्याच कॉरिडॉरच्या सुरुवातीला. घड्याळात पुन्हा 23:59. पळता येत नाही, हातात शस्त्र नाही. चालायचं आणि बघायचं. पहिल्या फेरीत तर काही घडतही नाही. रेडिओवर एका माणसाने बायकामुलांना मारल्याची बातमी लागलेली असते, तेवढीच. तरी दुसऱ्यांदा तो कोपरा वळताना पाऊल आपोआप आखडतं.

12 ऑगस्ट 2014 रोजी प्लेस्टेशन 4 या गेम-कन्सोलवर फुकट आलेला हा भीतीचा गेम, 'पी.टी.'. बनवणाऱ्याचं नाव '7780 एस स्टुडिओ'. असा स्टुडिओ कोणी ऐकलेला नव्हता, कारण तो नव्हताच. शेवटचं कोडं इतकं विचित्र होतं की ते सुटायला बरेच दिवस लागावेत. खेळाडूंनी ते काही तासांत सोडवलं. दार उघडलं, रिकाम्या रस्त्यावर अभिनेता नॉर्मन रीडस चालताना दिसला आणि मागोमाग नावं आली: गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमा, सिनेमा-दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो, आणि 'सायलेंट हिल' या भीतीच्या गेममालिकेतला येऊ घातलेला 'सायलेंट हिल्स'. पी.टी. म्हणजे 'प्लेएबल टीझर', खेळता येणारी जाहिरात. आणि 7780? जपानच्या शिझुओका प्रांताचं क्षेत्रफळ साधारण तितके चौरस किलोमीटर आहे, आणि त्या नावाची चिन्हं वाचली तर अर्थ निघतो 'शांत टेकडी', म्हणजेच सायलेंट हिल. इतका खटाटोप एका जाहिरातीसाठी!

पण ही नुसती जाहिरात नव्हती. भीतीच्या गेममध्ये खेळाडू निम्म्याहून जास्त वेळ काय करतो? वाट बघतो. म्हणून त्या गेमची वाट बघणं हाच त्याचा पहिला अंक ठरतो.

वाट बघण्याला मराठीत एका शब्दाने भागत नाही. सहलीच्या आदल्या रात्रीची उत्सुकता वेगळी, निकालाच्या सकाळची धाकधूक वेगळी, आणि लाल रेघा पडलेलं प्रगतिपुस्तक दप्तरात घेऊन बाबांची वाट बघायची ती धास्ती आणखी वेगळी. यातल्या धास्तीला प्रयोगशाळेत मोजलंय. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी 32 स्वयंसेवकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि पायाला विजेचे झटके दिले. झटका येणार हे आधी कळायचं, मग थांबायचं. पुढे त्यांना निवड दिली: जोराचा झटका लवकर, की सौम्य झटका उशिरा? काहींनी चक्क जोराचा झटका मागितला, पण लवकर. शाळेत इंजेक्शनच्या रांगेत 'सर, माझं आधी' म्हणत पुढे घुसणारी मुलं आठवा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की वेदनेशी जोडलेल्या मेंदूच्या भागांत झटक्याआधीच, नुसत्या वाट बघण्यातच हालचाल सुरू होते, आणि फार धास्ती घेणाऱ्यांमध्ये ती जास्त. त्यांचं लक्ष जणू त्या पायावर जाऊन बसलेलं असतं.

आता दुसरी बाजू. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी 1987 साली छापलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एक काल्पनिक प्रश्न विचारला होता. तुमच्या आवडत्या नटाचं किंवा नटीचं चुंबन मिळणार असेल तर किती पैसे द्याल? आत्ताच, काही तासांनी, तीन दिवसांनी, वर्षाने? पुस्तकी अर्थशास्त्र सांगतं की सुख जितकं लवकर तितकी किंमत जास्त. विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त किंमत लावली ती तीन दिवसांनंतरच्या चुंबनाला. मधले तीन दिवस त्यांना फुकट मिळत होते ना! त्याच अभ्यासातल्या काल्पनिक विजेच्या झटक्याच्या बाबतीत मात्र उलट: तो पुढे ढकलला तर टाळण्यासाठी जास्त पैसे.

म्हणजे हिशेब सरळ दिसतो. चांगलं असेल तर थोडं थांबायला आवडतं, वाईट असेल तर एकदाचं उरकून टाकावंसं वाटतं. भीतीच्या गेमची पंचाईत अशी की तो एकाच वेळी चुंबनही असतो आणि झटकाही. तो यावा म्हणून आपण दिवस मोजतो आणि आला की दिवे लावून बसतो.

ही सरमिसळ इतकी का रंगते, याचा एक धागा मला दोन अगदी वेगळ्या प्रयोगांत दिसतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या गटाने माकडांना पडद्यावर चित्रं दाखवली. अमुक चित्र आलं की रस नक्की मिळणार, तमुक आलं की नक्की नाही, आणि मधल्या चित्रांना शक्यता कमीजास्त. 2003 साली त्यांनी दाखवलं की डोपामिन हे बक्षिसाच्या ओढीशी जोडलेलं रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशींची धडधड वाट बघण्याच्या काळात हळूहळू चढत जाते, आणि सर्वांत जास्त चढते ती शक्यता निम्मी असताना. रस नक्की मिळणार असेल तर वाट बघताना हा चढ जवळपास नसतोच.

दुसरा प्रयोग लंडनचा, 2016 चा, आणि तो तर चक्क कॉम्प्युटर गेमच होता. 45 जण पडद्यावरचे दगड उलटत होते. खाली साप आहे का, हे आधी ओळखायचं. साप निघाला की हाताला खराखुरा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या, आणि तुम्हाला किती ताण वाटतोय हेही विचारलं. सर्वांत जास्त ताण साप निघणार हे ठरलेलं असताना नव्हता; तो होता साप निघण्याची शक्यता पन्नास टक्के असताना. नक्की मिळणारा झटका अर्ध्या शक्यतेपेक्षा सुसह्य वाटला.

माकडाच्या पेशींवरून माणसाच्या मनाचं भविष्य सांगू नये, हे खरं. तरी दोन्हीकडचं शिखर नेमकं मध्यावर यावं ही गंमत आहेच. आशा आणि धास्ती, दोघींना 'हो की नाही' हाच खुराक लागतो. पी.टी.मधलं दार आठवा. ते कधी सहज उघडतं, कधी किंचित उघडं राहतं, कधी उघडतच नाही. भूत प्रत्येक फेरीत आलं असतं तर पाचव्या फेरीला आपण त्याला चहा विचारला असता.

सिनेमात निदान डोळे मिटून बसलं तरी पुढचं दृश्य येतं आणि जातं. गेममध्ये डोळे मिटले तर कॉरिडॉर तसाच थांबून राहतो. झटक्याकडे स्वतःच्या पायांनी चालत जायचं, तेही आपल्याच अंगठ्याने. डीन मॉब्स आणि सहकाऱ्यांनी 2007 साली असाच एक चक्रव्यूह स्कॅनरमध्ये खेळायला दिला होता: पाठलाग करणारा कृत्रिम शिकारी, आणि त्याने पकडलं तर झटका. शिकारी लांब असताना कपाळामागचा, आडाखे बांधणारा भाग कामात होता. तो जवळ येत गेला तसं काम सरकत सरकत मेंदूच्या बुंध्याकडे, पळ-किंवा-गोठ म्हणणाऱ्या जुन्या भागाकडे गेलं. चांगला भीतीचा गेम खेळाडूला या दोन टोकांमध्ये लोंबकळत ठेवतो. पुरतं पळायलाही देत नाही, निवांत विचारही करू देत नाही.

प्रमाण चुकलं तर मात्र मजा जाते. डेन्मार्कमधल्या व्हायले गावच्या एका भुताच्या घरात 110 जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधून सोडलं होतं. 2020 साली आलेला निष्कर्ष असा की फार थोडी भीती वाटली तरी मजा कमी, फार जास्त वाटली तरी कमी. मधे कुठेतरी गंमत. ट्रेलर बनवणाऱ्यांचं अर्धं कसब या मापातच असतं. राक्षस पूर्ण दाखवला की तो नुसता रबराचा होतो.

'सायलेंट हिल्स'ला राक्षस दाखवायची वेळच आली नाही. एप्रिल 2015 मध्ये 'सायलेंट हिल' मालिकेची मालक कंपनी कोनामीने गेम रद्द केला आणि 29 तारखेला पी.टी. स्टोअरवरून काढूनही टाकला. ज्यांच्या कन्सोलमध्ये तो आधीच उतरवलेला होता, ते वापरलेले कन्सोल चढ्या भावात विकायला निघाले. माझ्याकडे तो कधीच नव्हता. मी तो कॉरिडॉर दुसऱ्यांच्या व्हिडिओंत पाहिला, रात्री, हेडफोन लावून, आणि मधेच पाणी प्यायला उठावं तर स्वयंपाकघरापर्यंतचा आमचा बोळही एल आकाराचाच निघाला. तेवढ्या अंतरात मी दोनदा मागे पाहिलं.

2019 मध्ये एका हौशी तंत्रज्ञाने गेमचा कॅमेरा खेळाडूपासून सोडवून मागे वळवला. हातात टॉर्च मिळाल्या क्षणापासून लिसा नावाचं ते भूत खेळाडूच्या पाठीला अक्षरशः जोडलेलं होतं. वळलात की तीही वळायची. पाच वर्षं लोक सांगत होते की मागे कोणीतरी असल्यासारखं वाटतं, आणि आपण त्याला मनाचे खेळ म्हणत होतो.

कोजिमांनी डिसेंबर 2023 मध्ये 'ओडी' नावाचा नवा भीतीचा गेम जाहीर केला, सोबत दिग्दर्शक जॉर्डन पील. सप्टेंबर 2025 मध्ये त्याची एक झलक आली, तारखेविना. एक हात काडी ओढतो, मेणबत्त्या लावत जातो. बाहेरून दारावर थाप पडते.