‘कोळी मुतलाय’

आजीच्या निदानाला तपासण्या लागत नसत. सकाळी उठल्यावर कुणाच्या मानेवर नाहीतर कोपराच्या घडीत लाल चट्टा दिसला, त्यावर बारीक फोड आले, आग व्हायला लागली, की ती चष्मा वर करून एकदा बघायची आणि म्हणायची, "कोळी मुतलाय." मग आंबेहळद उगाळली जायची. कोळी चावला असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तिच्या लेखी कोळी मुतायचा, रात्री अंगावरून फिरायचा, कुशीखाली चिरडला जायचा. चावायचा मात्र नाही.

कोळ्याच्या भीतीवर हल्ली जे वाचायला मिळतं, त्यात सगळा भर दंशावर आणि आठ केसाळ पायांवर असतो. आपल्या घरांतली भीती त्या वाटेनं आलेली नाही. ती स्पर्शाची भीती आहे. तिचा माग काढत गेलं तर थेट सुश्रुतापर्यंत जाता येतं.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांबद्दलच्या भागात, आठव्या अध्यायात कोळी येतो. तिथे त्याचं नाव लूता. व्युत्पत्तीची कथाही दिली आहे. विश्वामित्रानं वसिष्ठांना संतापवलं, वसिष्ठांच्या कपाळावरून घामाचे थेंब कापलेल्या गवतावर पडले आणि त्यातून लूता जन्मल्या. कापलेलं ते ‘लून’, म्हणून लूता. पुढे सोळा प्रकार सांगितले आहेत, त्यांतले आठ कष्टानं बरे होणारे आणि आठ असाध्य. पहिल्या आठांतल्या एकीचं नाव आहे मूत्रविषा. लूता विष कशाकशातून सोडते त्याचीही यादी आहे, आणि तीत दाढेच्या बरोबरीनं लाळ, नखं, मूत्र आणि विष्ठा आहेत. दाढ ही अनेकांतली एक वाट, एवढंच. आजीनं सुश्रुत वाचला नव्हता, पण मूत्रविषा तिच्यापर्यंत बरोबर पोचली होती.

आता त्या चट्ट्याचा खरा धनी कोण? पुष्कळदा एक चिमुकला, लांबट, नारिंगी-काळा भुंगेरा. पावसाळ्यात तो ट्यूबलाइटच्या उजेडाला येतो, मानेवर बसतो, आपण झोपेत त्याला रगडतो. तो चावतही नाही आणि डंखही मारत नाही. त्याच्या शरीरातल्या द्रवात पेडेरिन नावाचं दाहक रसायन असतं, आणि तेही त्याचं स्वतःचं नव्हे, त्याच्या आत राहणाऱ्या जिवाणूंनी बनवलेलं. आग लगेच होत नाही. साधारण दिवसभरानं चट्टा उठतो, तोवर भुंगेरा केरात गेलेला असतो आणि भिंतीवर दिसतो तो कोळी. कोपराच्या घडीत तर एका चट्ट्याचा ठसा समोरच्या कातडीवरही उठतो. आमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मुलीच्या हातावरचा असा जोडचट्टा पाहिला आणि मलम लिहिता लिहिता म्हणाले, "कोळी नाही हो हा. पण आमच्या आईलाही पटत नाही." कधी कधी असा आळ नागिणीच्या पुळ्यांमुळेही कोळ्यावर येतो, म्हणजे कांजिण्यांच्याच विषाणूमुळे.

गंमत अशी, की ज्या परंपरेनं कोळ्याच्या माथी हे सगळं मारलं, तिनंच त्याला वर नेऊन ठेवलं. "यथोर्णनाभिः सृजते गृह्णते च" असं मुंडकोपनिषद म्हणतं. कोळी आपल्यातूनच तंतू काढतो आणि पुन्हा आत घेतो, तसं हे विश्व अक्षरातून, म्हणजे अविनाशी ब्रह्मातून, निघतं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत कोळी आहे. त्याच स्कंधावर एकनाथांनी टीका लिहिली, ती काशीत १५७३ साली पुरी झाली, आणि कोळी मराठीत गुरू म्हणून आला. भागवताच्या त्या श्लोकात कोळी हृदयातली ऊर्णा, म्हणजे तंतू, तोंडावाटे काढतो असं आहे. प्रत्यक्षात तंतू मागच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून निघतो. पण आत घेण्याची गोष्ट खरी आहे, बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्यातली प्रथिनं नव्या जाळ्याला वापरतात. म्हणजे ज्या घरात चातुर्मासात पोथी वाचली जाई, त्याच घरात दसऱ्याआधी केरसुणी बांबूला बांधून त्या गुरूचा संसार उतरवला जाई. यात कुणाला विसंगती वाटत नव्हती, आणि खरं तर ती नाहीच. कोळिष्टक हे घराकडे दुर्लक्ष झाल्याचं चिन्ह होतं. पाहुण्यांना ते दिसणं ही कोळ्याची नव्हे, घरच्या बाईची नामुष्की.

युरोपातली कथा वेगळी आहे आणि तिचा मोठा तुकडा इटलीच्या टाचेत आहे. तिथल्या तारांतो शहरावरून एका मोठ्या शिकारी कोळ्याला टॅरँट्युला नाव पडलं. पंधराव्या ते सतराव्या शतकात पुलिया भागात अशी समजूत पक्की झाली, की तो चावला की माणूस सुन्न होतो, रडतो, घामानं थबथबतो, आणि उतारा एकच, नाच. वाजंत्री घरी बोलवायचे आणि चावलेल्यानं, बहुधा चावलेलीनं, दमून पडेपर्यंत दिवसचे दिवस नाचायचं. टॅरँटेला हे नृत्य या नावाशी जोडलेलं आहे. खरं तर त्या कोळ्याचा दंश फारसा काही करत नाही. गव्हाच्या कापणीत अनवाणी राबणाऱ्यांना खरा त्रास देणारा असावा तो तिथलाच दुसरा, लहान, काळा, तेरा लाल ठिपक्यांचा कोळी. त्याच्या विषानं स्नायूंत पेटके येतात आणि घाम फुटतो. मार खाल्ला मोठ्या कोळ्यानं, कारण तो दिसतो.

१९५९ साली एर्नेस्तो दे मार्तिनो हा अभ्यासक मानसोपचारतज्ज्ञ आणि संगीततज्ज्ञ बरोबर घेऊन त्या भागात गेला. तोवर प्रथा विझत आली होती, तरी दर जूनच्या शेवटी ‘चावलेल्या’ बाया गालातिना गावातल्या संत पॉलच्या देवळात येत. बऱ्याच जणींना दरवर्षी त्याच सुमारास पुन्हा ‘चावा’ जाणवे. कोळी कुठेच नसे. ते प्रकरण विषापेक्षा घुसमटीचं जास्त होतं, आणि आपल्याकडे अंगात येणं पाहिलेल्याला ते लगेच कळेल. नाव मात्र सुटलं ते सुटलंच. युरोपीय लोकांनी अमेरिकेतल्या केसाळ कोळ्यांना ते दिलं, आणि आता सह्याद्रीतला झाडाच्या ढोलीत राहणारा कोळीही बातम्यांत टॅरँट्युलाच असतो.

मानसशास्त्र या विषयात शिरलं ते जरा वाकड्या वाटेनं. कार्ल अब्राहम या फ्रॉइडच्या शिष्यानं १९२२ साली स्वप्नातला कोळी म्हणजे धाक घालणारी आई असं मांडलं. (आजीनं हे ऐकलं असतं तर तिनं अब्राहमलाच आंबेहळद लावली असती.) १९७१ साली मार्टिन सेलिगमननं वेगळा विचार दिला. माणूस विजेच्या बटणाला किंवा मोटारीला सहसा तसा घाबरत नाही, पण साप-कोळ्याची भीती झटकन शिकतो, कारण उत्क्रांतीनं तशी तयारी करून ठेवली आहे. २०१७ साली लायपझिगमध्ये सहा महिन्यांच्या बाळांना कोळ्यांची आणि फुलांची चित्रं दाखवली, तेव्हा कोळी पाहून बाळांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या जास्त विस्फारल्या. ही अजून भीती नव्हे, भीती शिकायला लागणारी सावधगिरी. उलट बाजूला ब्रिटनमधल्या ग्रॅहम डेव्हीनं १९९४ मध्ये म्हटलं, की यात धोक्यापेक्षा किळस मोठी आहे. मध्ययुगापासून युरोपात रोगराईचा आळ कोळ्यांवर येत गेला, आणि ही किळस संस्कृतीतून पुढे सरकली. मला डेव्हीचं म्हणणं जवळचं वाटतं, ते मूत्रविषेमुळे.

तरीही एक धागा सुटतो, आणि तो कोकणातल्या माणसाला आधी दिसायला हवा. २०२१ मध्ये चेक संशोधकांनी जिवंत प्राणी दाखवून लोकांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या. त्यांचं अनुमान असं, की माणूस मुळात घाबरला तो विंचवाला, आणि आठ पायांमुळे कोळी त्यात ओढला गेला. माणसाचं मूळ जिथलं, त्या आफ्रिकेचं मला ठाऊक नाही, पण रायगड-रत्नागिरीत हे हिशेबात बसतं. तिथला लाल विंचू मुलांचे जीव घ्यायचा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचूदंशावर खात्रीचा उपाय नव्हता. विषानं हृदय आणि फुप्फुसं निकामी होत. बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध वापरून पाहिलं, आणि तीसेक टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. अंधारात, जांभ्याच्या भिंतीत, आठ पाय हलताना दिसले तर कोळी की विंचू हे बघत न बसण्यात तिथे शहाणपण होतं.

भीती नुसती पसरली तर काय होतं ते २०१२ च्या उन्हाळ्यात आसामातल्या सादियात दिसलं. कोळ्यांचे थवे माणसांवर तुटून पडतात अशा बातम्या जगभर गेल्या, दोन मृत्यूही सांगितले गेले. पुढे कळलं की दंश झालेल्यांनी आधी वैदू गाठले होते आणि तिथे जखमा ब्लेडनं कापल्या गेल्या होत्या. मृत्यू विषानं झाले हे सिद्ध झालं नाही. याच देशात साप चावून वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, २००० ते २०१९ या काळाचा तो अंदाज आहे.

आपल्या घरातले नेहमीचे रहिवासी साधारण तीन. कोपऱ्यात उलटा लटकणारा, काडीसारख्या पायांचा, जाळं हललं की स्वतःच गरगर थरथरणारा. खिडकीत उड्या मारणारा, आपण वळलो की तोही वळून बघणारा. आणि तिसरा, ज्याच्यासाठी किंकाळ्या फुटतात, तो मोरीतला मोठा चपटा कोळी. लिनियसनं १७६७ साली त्याला नाव दिलं, आणि जहाजांतून तो उष्ण प्रदेशांत सगळीकडे पोचला. तो जाळं विणत नाही. रात्री झुरळं मारतो आणि दिवसा आरशामागे बसतो.

आमच्या ठाण्याच्या घरी तो आला तेव्हा नवरा, जो बिनदिक्कत गॅसचा सिलेंडर खांद्यावर घेतो, तो स्टुलावर उभा होता. सासूबाईंनी स्टीलचं मोठं पातेलं बाजूला ठेवलं आणि प्लास्टिकचा पारदर्शक डबा मागितला. "दिसायला पाहिजे, नाहीतर पाय चेंगरतो." डबा भिंतीला लावला, मागून कॅलेंडरचा पुठ्ठा सरकवला. कोळी डब्यात एकदा गोल धावला आणि थांबला. पोटाखाली रुपयाच्या नाण्याएवढी पांढरी चपटी चकती धरलेली होती. ती अंड्यांची. पाय एवढे पसरले की डब्याच्या दोन्ही बाजूंना टेकले, पण चकती काही सोडली नाही.

पुढे वाचताना कळलं, की स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट या मानसशास्त्रज्ञानं १९८९ साली मांडलेल्या, अशा भीतीवरच्या एका बैठकीच्या उपचारात जवळपास हेच करतात. जास्तीत जास्त तीन तास. उपचार करणारा आधी स्वतः करून दाखवतो, मग भिणाऱ्याकडूनच कोळी ग्लास आणि कागदानं पकडून घेतो, पुन्हा पुन्हा, भीती ओसरेपर्यंत. पळून जायचं नाही आणि ढकलायचंही नाही.

ठाण्या-कल्याणच्या पट्ट्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ साली ‘आयशियस तुकारामी’ नाव मिळालं, २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात कसाबला जिवंत धरून ठेवणारे साहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. नवऱ्याला हे सांगितलं. त्यानं "कुठे बसतो तो?" एवढंच विचारलं.

डब्यातली कोळीण सासूबाईंनी मागच्या गॅलरीत, कुंड्यांमागे सोडली. यंदा दसऱ्याला जळमटं काढताना गॅलरीचा तो कोपरा त्यांनी गाळला. काडीपायांची जाळी मात्र सगळी उतरवली. आठवड्याभरात ती पंख्याच्या वर पुन्हा लागली.