सिबिल अहवाल मोफत कसा काढायचा, आणि चुकीची नोंद दुरुस्त कशी करून घ्यायची

कलमबागेसाठी, होडीच्या इंजिनासाठी किंवा मालवणकडे होमस्टेच्या दोन खोल्यांसाठी कर्जाची फाईल टाकणार असाल, तर दोन महिने आधी सिबिल अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, काढून बघा. एका नोंदीच्या दुरुस्तीलाच ३० दिवस लागू शकतात.

अहवाल देणाऱ्या कंपन्या चार : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. पॅन, जन्मतारीख, पत्ता, ईमेल आणि ओटीपीसाठी चालू मोबाईल नंबर एवढे पुरते. साइटवर पैसे भरून घ्यायचे पॅकही दिसतात, ते घेऊ नका. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर, म्हणजे कर्जफेडीवरून दिलेला आकडा, घटत नाही. कधीच कर्ज किंवा कार्ड घेतले नसेल तर आकड्याऐवजी 'एनएच' येते, म्हणजे इतिहासच नाही.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर असला की बँका सहसा खूश. पण खरे वाचायचे ते खात्यांचे पान. प्रत्येक महिन्यासमोर हप्ता किती दिवस थकला ते लिहिलेले असते. '०००' म्हणजे वेळेवर, '०३०' म्हणजे तीस दिवस उशीर.

आपल्याकडे घोळ होतो तो ठराविक ठिकाणी. पीककर्जाची मुदत मार्चअखेर आणि आंब्याचा पैसा हातात येतो मे महिन्यात, असे असेल तर मधले दोन महिने थकबाकी म्हणून चढतात. ही चूक नव्हे, तक्रार करून ती निघत नाही. मंजुरीपत्रातली तारीख बँकेशी बोलूनच बदलून घ्यावी लागते. चुलत्याच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते खाते तुमच्याही अहवालात दिसते. तडजोड करून कमी रक्कम भरलेले खाते 'सेटल्ड' राहते. ते 'क्लोज्ड' व्हायला उरलेली रक्कम भरून बँकेकडून ना-देय दाखला घ्यावा लागतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची खाती दोन नावांत विभागलेली सापडतात.

नोंद खरोखर चुकीची असेल तर त्या कंपनीच्या साइटवर लॉगिन करून तक्रारीचा फॉर्म भरा. अहवालावरचा कंट्रोल नंबर हाताशी ठेवा. खाते माझे नाही, तेच दोनदा दिसते, की शिल्लक चुकीची, हे नेमके निवडा. सोबत ना-देय दाखला, खातेउतारा आणि पॅनची स्वसाक्षांकित प्रत जोडा. कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, बँकेने होकार दिला तरच बदलते. म्हणून तोच अर्ज शाखेतही द्या, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.

तक्रारीपासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही हलत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर (रिझर्व्ह बँकेची तक्रारींची साइट) तक्रार करता येते, चौकशीसाठी नंबर १४४४८. पहिली लेखी तक्रार कंपनीकडे किंवा बँकेकडे केलेली नसेल तर मात्र लोकपाल ती घेत नाही. पोच लागते ती इथेच. 'स्कोअर वाढवून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका, तोही हाच फॉर्म भरतो.

एका कंपनीकडे नोंद सुधारली म्हणून उरलेल्या तिघींकडे सुधारली असे धरू नका. त्यांचेही मोफत अहवाल काढून तेच खाते तपासा.